भाऊजींचे मूलरोम

माझ्या धाकट्या दिरांइतका मुळांत रमलेला माणूस नांदेड-लातूर पट्ट्यात दुसरा नसेल. मी मेथीचा भाव विचारेपर्यंत भाऊजी जुडी उलटी करून खिशातल्या भिंगातून मुळं बघत असतात. एका लग्नात ऐन अक्षतांच्या वेळी ते मांडवाच्या खांबाजवळचं गवत चमच्यानं उकरत होते, कारण उपटलं की मुळांवरचे बारीक केस, म्हणजे मूलरोम, तुटतात. मग वरबापालाच भिंग देऊन म्हणाले, "बघा, कोरड्या मातीत केस किती लांब सोडलेत. जिथं मिळत न्हाई तिथं हात लांबवावा लागतो." लातूरच्या क्लासमध्ये ते बॉटनी शिकवत. परीक्षेत एका मार्काला येणारा हा धडा इतका लांबे, की मालक दारात येऊन खोकत. भाऊजी मात्र शांतपणे सांगत राहत, की पाण्यावर तरंगणाऱ्या कितीतरी झाडांना केसच नसतात. आयतं मिळाल्यावर हात कशाला पसरायचे?

भूकंपात आमचं सासरचं गाव पडलं. नव्या जागी गाव वसलं, पण भाऊजी लातुरातच खोली घेऊन राहिले. पुढं माझी मुलगी अकरावीला तिथल्या होस्टेलवर गेली आणि सुकली. जेवेना, फोनवर नुसती रडायची. मी यादी करून कामं उरकणारी बाई. दर रविवारी नांदेडहून डबा घेऊन हजर, जेवणापासून मार्कांपर्यंत सगळी चौकशी. शेवटी तिला परत न्यायचं ठरवून ट्रंकही बांधली. भाऊजी आले आणि ट्रंकेवरच बसले.

"वहिनी, रोप हलवलं की केस तुटतात. काही दिवस ते सुकणारच. नवे केस येतात, नव्या मातीच्या बेतानं. पण तुम्ही तर दर रविवारी उपटून बघून राहिल्या, रुजलं का न्हाई म्हणून."

मुलगी रडता रडता हसली. ट्रंक परत उघडली. पुढचे रविवार मी नांदेडातच कसेबसे काढले. ती राहिली, शिकली, मेसच्या आमटीला नावं ठेवू लागली, तेव्हा मी निर्धास्त झाले.

परवा त्यांच्या खोलीवर गेले होते. तीच भाड्याची खोली, खिडकीत ग्लासात मोड आलेले मूग. सहज विचारलं, "भाऊजी, नव्या गावात तुमच्या नावचं घर रिकामंच आहे. तुम्ही कुठं रुजलात?"

"मी पाण्यावरचं झाड हाय, वहिनी," ते म्हणाले, आणि ग्लासातलं पाणी बदलायला उठले.