खिडकीतली गंगा

न बांधलेल्या इमारतींचे फोटो तयार करणं हा माझा धंदा आहे. वास्तुविशारदांकडून संगणकावर काढलेलं जे चित्र येतं ते चकचकीत आणि मेलेलं असतं. त्याला मी फोटोसारखं करते. भिंतीला थोडी ओल लावते, पायरीची कड झिजवते, वरून दोन वायरी लोंबकळत सोडते. फार स्वच्छ गोष्टीवर माणसाचा विश्वास बसत नाही, निदान बनारसमध्ये तरी नाही. हे काम मला उत्तम येतं आणि अलीकडे त्याचा मला वीट आला आहे.

माझी परीक्षक म्हणजे माझी थोरली आत्या. आम्ही दोघीच भाड्याच्या घरात राहत होतो. तिने इथल्या एका शाळेत जन्मभर भूगोल शिकवला होता, आणि निवृत्त झाल्यावर तिला तपासायला माझ्याशिवाय कुणी उरलं नव्हतं. चित्र पुरं झालं की मी तिला पडद्यासमोर बसवत असे. ती चष्मा पुसायची आणि चुका काढायला लागायची. एकदा दिल्लीच्या एका साहेबांनी घाटावरच्या हॉटेलच्या चित्रात मावळतीचा सूर्य मागितला. घाईत मी तो नदीवरच ठेवून दिला, पाण्यातही सोनं ओतलं. आत्या म्हणाली, गंगेवर सूर्य मावळायला कधीपासून लागला, आपले घाट उगवतीकडे तोंड करून आहेत, तुझ्या दहावीच्या मार्कांची चौकशीच करायला हवी. भर जूनमध्ये ओव्हरकोट घालून फिरणारा माणूस तिनेच पकडला, आणि सावली नसलेली बाईसुद्धा. तिच्या नजरेतून सुटलेलं चित्र कुठेही खपलं असतं.

तोवर तिचे गुडघे पार गेले होते. चाळीस वर्षं रोज अहिल्याबाई घाटावर स्नानाला जाणाऱ्या बाईला डॉक्टरांनी पायऱ्या बंद केल्या. आमच्या खिडकीतून शेजाऱ्यांची पाण्याची टाकी दिसायची. काशीत राहून गंगेचं दर्शन नाही, मग लखनौ काय वाईट होतं, असं ती दिवसातून एकदा तरी म्हणायची. तिला दुसरं काही नको होतं. पडल्या पडल्या गंगा दिसावी आणि तशीच बघत असताना डोळे मिटावेत, एवढंच.

त्याच सुमारास एका बिल्डरचं काम आलं. राजा घाटाच्या मागच्या गल्लीत तो वृद्धांसाठी खोल्या बांधत होता, काशीवासाला येणाऱ्यांसाठी. तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीचं चित्र माझ्याकडे आलं तेव्हा खिडकीत नुसता पांढरा चौकोन होता. मी जागेवर जाऊन आले होते. त्या बाजूला समोरच्या घराची भिंत आहे हे मला माहीत होतं. मी तसं म्हटल्यावर तो हसला. "अरे मैडम, खिड़की में थोड़ी गंगाजी डाल दीजिए। छत से तो दिखती ही हैं।"

मी टाकली. राजा घाटाच्या वरच्या पायरीवरून काढलेला माझाच एक फोटो होता, तो चौकोनात बसवला. आता यातली मेख सांगते. खोलीतून फोटो काढला तर बाहेरचं ऊन कॅमेऱ्याला झेपत नाही, बाहेरचं सगळं फिकट पडतं. नदी ठसठशीत ठेवली असती तर ती कॅलेंडरमधली वाटली असती. म्हणून मी ती उडवली, पार अर्धी पुसून टाकली. गादीच्या चादरीवर खिडकीतला उजेड पाडला. उशीला खळगा पाडला, नुकतंच कुणी उठून गेल्यासारखा.

आत्याने ते चित्र बराच वेळ पाहिलं. एकही चूक काढली नाही. मला फार आनंद झाला होता, हे आज लिहितानाही लाज वाटते.

महिनाभराने ती पेढ्यांचा पुडा घेऊन घरी आली. एकटी ई-रिक्शाने बिल्डरच्या ऑफिसात गेली होती आणि त्या तिसऱ्या मजल्यावरची खोली जन्मभरासाठी घेऊन आली होती. पाटल्या मोडल्या होत्या, साठवलेलं सगळं दिलं होतं. गल्लीतल्या चारही मराठी घरांत पेढे वाटून झाले होते. मला शेवटी सांगितलं, कारण मी तिला जाऊ दिलं नसतं असं तिला वाटत होतं.

मी विचारलं, ते चित्र मीच केलं होतं हे तू विसरलीस का?

"विसरेन कशी? पलंग तुझा, चादर तुझी, तो दिवाही तूच चिपकवलास, सगळं माहीत आहे," आत्या म्हणाली. "पण गंगाजी कुणी चिपकवतं का गं?"

तेव्हा बोलायला हवं होतं. पैसे परत मागता आले असते, भांडता आलं असतं. मी पेढा तोंडात टाकला आणि म्हटलं, छान झालं. तिचा आनंद मोडवेना, वर्षभरात समोरचं घर पडेलही, वगैरे कारणं मला नंतर सुचली. त्या क्षणी मला एवढंच कळलं होतं की माझं अर्धं काम त्या बिल्डरकडून येतं. मी भित्री आहे. याला दुसरा शब्द नाही.

खोली ताब्यात मिळायला आणखी आठ महिने लागले, म्हणजे गप्प बसायला मला आठ महिने मिळाले. मी ते सगळे वापरले.

ज्या दिवशी सामान नेलं त्या दिवशी आत्या काठी टेकत सरळ खिडकीशी गेली. कडी तिनेच काढली. हात लांब केला असता तर भिंतीला लागला असता. तिथे एक हिरवा पाइप होता आणि समोरच्यांच्या एसीचा डबा, तो गरम वारा आत फेकत होता. तिने वाकून डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे. मग पलंगावर बसली.

"तुला माहीत होतं?"

"हो."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने खिडकी लावून घ्यायला सांगितली. मी रडत म्हटलं, आत्या, परत चल, मी त्याच्याशी भांडते, मी सगळं सांगते. जाहिरातीच्या चित्राखाली बारीक अक्षरांत 'केवळ कल्पनाचित्र' असं छापलं आहे हे तिनेच मला सांगितलं. तिने ते वाचलं होतं आणि ते पलंग-दिव्यांबद्दल असेल असं धरून चालली होती. भांडून काही निघणार नव्हतं. आणि परत येऊन गल्लीत काय सांगायचं? भाचीने फसवलं? आपलेच दात आणि आपलेच ओठ.

गच्चीवरून नदी दिसते, बिल्डर त्यात खोटं बोलला नव्हता. लिफ्ट तिसऱ्यावरच थांबते. वरच्या बावीस पायऱ्या आत्याला चढता येत नाहीत.

मी दर रविवारी तिच्याकडे जाते. ती माझ्याशी बोलते. हवा, भाज्या, गुडघे. मागच्या रविवारी मी तिच्यासाठी थालीपीठ नेलं होतं. ती खात असताना पुण्याच्या आत्याचा, म्हणजे तिच्या धाकट्या बहिणीचा फोन आला. तिला कमी ऐकू येतं, त्यामुळे ती मोठ्याने बोलते आणि सगळं ऐकू येतं. ती विचारत होती, गंगा दिसते ना गं नीट?

"दिसते ना, पडल्या पडल्या दिसते," आत्या म्हणाली.

आवाज जराही हलला नाही. पुण्याची आत्या म्हणाली, सांग ना कशी दिसते, माझं काही आता येणं होत नाही. आत्याने थालीपिठाचा तुकडा ताटलीत ठेवला आणि फोन माझ्यासमोर धरला.

"ही विचारतेय सकाळी कशी दिसते. तू सांग."

मी तिच्याकडे बघितलं. ती हात मागे घेईना. मी फोन घेतला आणि बंद खिडकीकडे बघत सांगायला लागले. पलीकडची वाळू सांगितली, पहिल्या नावा सांगितल्या, पाण्याचा रंग उन्हाबरोबर कसा बदलत जातो ते सांगितलं. मी चांगलं सांगितलं असणार, कारण पुण्याची आत्या रडायला लागली. म्हणाली, भाग्यवान आहे माझी बहीण, तुझ्यासारखी भाची मिळाली.

आत्याने फोन परत घेतला, कानाला लावला आणि म्हणाली, "ऐकलंस ना?"