डोमाजींनी मारलेलं गवत

डोमाजी मला पहिल्यांदा भेटले ते माझ्यावर ओरडतच.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. शेतकी महाविद्यालयातून बाहेर पडून मी नागपुरात उद्यान सहायक म्हणून नुकताच नोकरीला लागलो होतो. सिव्हिल लाइन्समधल्या एका बड्या साहेबांच्या सरकारी बंगल्याची बाग माझ्या देखरेखीखाली आली. पहिल्या दिवशी नोव्हेंबरच्या सकाळी सातला मी फाटकातून आत शिरलो आणि समोरच्या हिरव्या पोपटी मैदानावर सरळ चालत गेलो. कोपऱ्यात खुरपं घेऊन बसलेला, पांढऱ्या मिशांचा एक काटकुळा माणूस ताडकन उठला.

"खाली उतरा. आठ दिवसाचं लेकरू हाय ते, अन् तुमी त्याच्या छातीवर उभे हा."

"मी इथला नवीन सहायक आहे," मी म्हणालो.

"असान. उतरा आधी."

मी उतरलो. ते हेडमाळी डोमाजी. आमच्या खात्यात त्यांच्या माघारी सगळे त्यांना आग्याजी म्हणत. आग्यामाशीचं मोहोळ जसं जवळून जाणाऱ्यालाही सोडत नाही, तसा त्यांचा राग. बोथट पात्याने गवत कापणाऱ्यावर ते चिडत, संध्याकाळी पाणी देणाऱ्यावर चिडत, बी टिपायला आलेल्या चिमण्यांवर चिडत. माझ्या कॉलेजच्या वहीवर तर फारच. पण दोन महिने त्यांच्यासोबत काढल्यावर माझ्या एक लक्षात आलं. त्यांच्या रागाला प्रत्येक वेळी कारण असे, आणि ते कारण तपासून पाहिलं तर खरं निघे. माझ्या वहीबद्दल मला असं म्हणता येत नव्हतं.

बंगल्यातलं ते गवत आपल्याकडचं नव्हे. आपली हरळी उन्हाळा-पावसाळा तगते, पण हिवाळ्यात पिवळी पडून झोपी जाते. हे गवत उलट्या वागणुकीचं. त्याला थंडी मानवते. डोमाजींच्या सासऱ्यांनी इंग्रजांच्या बंगल्यात ते लावलं होतं आणि तिथेच डोमाजी शिकले. ते सांगत, "गोरे लोक दिवाळीच्या टायमाले हे पेरत. होळी झाली का ते पचमढीले निघून जात. मांगं गवत मरे, त्याहिले दिसतच नोयतं. जुलैत वापस येत, तवा हरळी हिरवीगार. त्याहिले वाटे, नागपुरात बारा महिने हेच गवत राहते."

पेरणीचं काम ते कुणाच्या हाती देत नसत. पाऊस सरून रात्री गार पडू लागल्या की हरळी अगदी जमिनीलगत खरडायची. आपली काळी माती पाणी धरून बसते म्हणून तिच्यात कन्हान नदीची रेती मिसळायची. बी रेतीत कालवून एकदा उभं आणि एकदा आडवं फेकायचं, वर चाळलेल्या शेणखताचा पातळ थर द्यायचा आणि झारीने पाणी शिंपायचं. पहिल्या कापणीच्या दिवशी त्यांनी यंत्राची पाती स्वतः घासली, कागदाचा तुकडा कापून धार पाहिली आणि मला सांगितलं, "तीन बोटं वाढलं तं एक बोट कापा. जास्ती कापलं का त्याचं तोंडच कापल्यासारखं होते. मंग ते खाईन कशानं?" रोज सकाळी लांब बांबूची काठी ते गवतावरून अलगद फिरवत आणि दव झाडून टाकत. दव साचलं की बुरशी धरते, हे मी वहीत लिहून आणलं होतं. त्यासाठी पहाटे उठून काठी फिरवावी लागते, हे वहीत नव्हतं.

जानेवारीत ते मैदान असं झालं की रस्त्याने जाणारे सायकली थांबवून फाटकातून पाहत. साहेब थंड प्रदेशातली नोकरी करून नागपुरात आले होते. हे बियाणं त्यांनीच पार्सलने मागवलं होतं आणि त्याचा त्यांना भारी अभिमान. एका रविवारी पाहुण्यांना मैदान दाखवताना ते म्हणाले, "बियाणं उत्तम असलं की विशेष काही करावं लागत नाही."

डोमाजी तिथून दहा हातांवर उकिडवे बसून नागरमोथ्याच्या तणाचे गड्डे उकरत होते. त्यांनी खुरपं जमिनीत रोवलं ते मुठीपर्यंत. साहेबांनी वळूनही पाहिलं नाही. मी पाहुण्यांच्या मागे उभा होतो आणि हसत होतो. कशाला हसत होतो, कोण जाणे. आज ते आठवलं की मला माझ्या त्या हसण्याची चीड येते.

मार्चमध्ये साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. मे महिन्याच्या शेवटी त्यांच्या मुलीचा साखरपुडा ठरला होता, आणि तो याच गवतावर व्हायचा होता.

"साहेब, हे थंडीचं गवत हाय," डोमाजी म्हणाले. "आता त्याचं पाणी हळूहळू तोडतो. खालून हरळी वर येईन. मे महिन्यात तेबी हिरवीच राहीन."

"ते रानगवत मला नको. हेच टिकवा."

"नागपूरच्या मे महिन्यात नाई टिकत."

"टिकवता येत नाही, की तुम्हाला येत नाही?"

डोमाजींच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. साहेबांनी नेमकी दुखरी नस धरली होती. "मले येते," ते म्हणाले आणि बाहेर पडले. हे अशक्य आहे असं सांगणं माझं काम होतं. माझ्याकडे पदवी होती. मी म्हणालो, "बघतो साहेब."

त्यानंतरच्या दीड महिन्यात त्या माणसाने काय केलं ते मी पाहिलं आहे. सगळ्या मैदानावर त्यांनी बांबूचा मांडव घातला आणि दुपारच्या उन्हाकडे वाळ्याच्या ताट्या लावल्या. पहाटे भरपूर पाणी, दुपारी ताट्यांवर शिंपण, पिवळी पडलेली काडी हाताने वेचणं. एप्रिलच्या मध्यावर बाहेर डांबर वितळत होतं आणि मांडवाखाली गवत हिरवं होतं. डोमाजी मात्र वाळत चालले होते. मी कौतुक केलं की ते अंगावर येत. "तुमी बोलू नका, बाबू. तुमी तिथं तोंड उघडलं असतं तं हे करा नसतं लागलं."

पाणी कुठून येत होतं हे आम्ही दोघांनीही मनावर घेतलं नव्हतं. बंगल्याच्या मागे नोकरांच्या सहा खोल्या होत्या आणि त्या सहा घरांना एकच नळ. टाकीतून येणारी नळी बागेत दुभंगत होती. एक फाटा मैदानाकडे जाई, दुसरा खोल्यांकडे. मैदानाचा वाल्व उघडला की मागचा नळ नुसता फुसफुसे. डोमाजींची खोली त्यातलीच, पण त्यांच्या घरी ते आणि बायको, दोनच माणसं. त्यांचे दोन हंडे ते बागेतल्या नळीवरच भरून नेत.

एका सकाळी डोमाजी मागच्या बाजूला गेले, त्यांच्या पाठोपाठ मीही. मैदानातून झिरपलेलं पाणी जिथे नालीत उतरत होतं तिथे चपराशाची बायको सरस्वती बसली होती. वाटीने ते गढूळ पाणी उचलून ती पदरातून हंड्यात गाळत होती. तिच्यामागे आणखी दोघी हंडे घेऊन उभ्या होत्या.

"काय करून राहिली वं?" डोमाजी खेकसले. "त्यात खताचं पाणी हाय. पोरं मरतीन पिऊन."

सरस्वती उठली नाही. वाटी भरत भरतच म्हणाली, "मंग कोनतं पेऊ, मामाजी? तीन दिवस झाले नळाले थेंब नाई. तुमचं गवत पेऊन राहिलं, त्याच्यातून उरलं ते आमी पेऊन राहिलो."

डोमाजींना उलटून बोललेलं कुणाचंच खपत नसे. मला वाटलं, आता तिची खैर नाही. त्यांनी वाकून तिच्या हंड्यात पाहिलं. मग वळले, बागेत गेले आणि मैदानाचा वाल्व गच्च आवळून बंद केला. पान्ह्याने वरची चक्री काढली आणि परत येऊन सरस्वतीच्या हातात दिली. "हे तुया घरी ठेव. मी मांगतलं तरी देऊ नको." मागच्या नळाला धार लागली तेव्हा ते मांडव सोडत होते. ताट्या त्यांनी एकेक करून उतरवल्या आणि भिंतीशी रचून ठेवल्या. मला मदतीला हात लावू दिला नाही.

उघड्या उन्हात ते गवत चार दिवसांत गेलं. साहेब तेव्हा दौऱ्यावर होते. परत आले तेव्हा मैदान वाळल्या काथ्यासारखं झालं होतं. त्यांनी मला बोलावून लेखी अहवाल मागितला. काय लिहायचं तेही सांगितलं: हेडमाळ्याच्या निष्काळजीपणामुळे गवत वाळले. पाण्याचा विषय अहवालात नको.

मी डोमाजींच्या खोलीवर गेलो. ते ओट्यावर बसून पाती घासत होते. मी सगळं सांगितलं. नोकरी जाणार हे त्यांना कळलं होतं.

"लिहा," ते म्हणाले. "पन निष्काळजीनं मेलं असं लिहू नका. मी मारलं, असं लिहा. माया हातानं मारलं, लोकाहिच्या पाण्यासाठी मारलं. चाळीस वर्सांत माया निष्काळजीनं एक काडी नाई मेली, बाबू."

मी हो म्हणालो. ऑफिसात आलो, टेबलाशी बसलो आणि साहेबांनी सांगितलेलं वाक्य जसंच्या तसं लिहिलं. मी अजून नोकरीत कायम झालो नव्हतो. याहून मोठं कारण माझ्याजवळ नव्हतं, आणि आजही नाही.

चौकशीत तो अहवाल मलाच वाचायला लावला. निष्काळजीपणा हा शब्द आला तशी डोमाजींनी मान वर केली. सही करायला सांगितल्यावर ते म्हणाले, "हे खोटं हाय. मी सही नाई करत." साहेबांनी समजावलं, सही केली तर नुसती बदली करू, नाही केली तर कामावरून काढू. "काढा," डोमाजी म्हणाले. त्यांना काढलं. खोली रिकामी करायला आठवडा दिला. सरस्वतीच्या नवऱ्याने त्यांचं सामान बैलबंडीत भरलं. मी फाटकाशी उभा होतो. ते माझ्या समोरून गेले, पण मी तिथे आहे असं त्यांच्या चेहऱ्यावर कुठे दिसलं नाही.

साखरपुडा हॉटेलात झाला. पुढे साहेब बढतीवर गेले. मी कायम झालो. पहिल्या पावसानंतर मैदानात हरळी आपोआप वर आली आणि दाट झाली. येणारे-जाणारे म्हणत, छान ठेवली आहे. मला त्यांचा राग येई, साहेबांचा येई, आणि फिरून तो माझ्याच अंगावर येई. माझ्या हाताखालच्या माळ्यांवर मी उगाच ओरडू लागलो. डोमाजींच्या रागाला कारण असे. माझ्या रागाला एकच कारण होतं, आणि त्या बिचाऱ्यांचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

दोन वर्षांनी मी सायकल काढून शहराबाहेरच्या हुडकेश्वरला गेलो. तेव्हा तिकडे सगळी शेतंच होती. डोमाजी पुतण्याच्या वावरात पालक आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, लावत होते. वाफे दोरी धरून आखल्यासारखे सरळ. त्यांनी मला बांधावरच अडवलं.

"काहून आले?"

"माफी मागायला."

"कागद बदलला?"

"नाही."

"मंग माफी कायची मांगता? कागद बदला अन् मंग या."

परत येताना मी त्यांच्यावर चिडलो होतो. म्हाताऱ्याला एवढा कशाचा ताठा, असंही मनात आलं. पण त्याच आठवड्यात मी वरच्या कार्यालयाला अर्ज लिहिला. माझा आधीचा अहवाल खोटा होता, डोमाजींनी खोल्यांमधल्या माणसांच्या पिण्याच्या पाण्यासाठी मैदानाचं पाणी स्वतः, जाणूनबुजून बंद केलं आणि गवत मारलं, त्यात निष्काळजीपणा मुळीच नव्हता. मला कारणे दाखवा नोटीस आली, वेतनवाढ थांबली, आणि बढतीच्या यादीतून माझं नाव बरीच वर्षं बाहेर राहिलं. डोमाजींना नोकरी परत मिळाली नाही. त्यांचं नोकरीचं वय उलटून गेल्याचं कळवण्यात आलं. पण माझा अर्ज त्यांच्या फाइलीला लागला. त्याची शिक्का मारलेली नक्कल घेऊन मी पुन्हा हुडकेश्वरला गेलो. ती आमची शेवटची भेट.

"वाचा," डोमाजी म्हणाले. मी वाचला. "पुन्हा वाचा. जरा जोरानं. हिले कमी ऐकू येते." त्यांची बायको पालकाच्या जुड्या बांधत होती. मग मी त्या उघड्या वावरात उभा राहून, शाळेतल्या पोरासारखा खड्या आवाजात सगळा अर्ज वाचला.

बाई जुडी बांधता बांधता म्हणाल्या, "मले तं तवाच माहीत होतं."

"तुले माहीत होतं," डोमाजी म्हणाले. "सरकारले नोयतं."

त्यांनी कागद माझ्या हातून घेतला, नीट घडी घालून बंडीच्या आतल्या खिशात ठेवला आणि वाफ्यातलं पाणी दुसऱ्या सरीत वळवायला वाकले. ते काम झाल्यावरच माझ्याकडे पाहिलं.

"माया राग काई गेला नाई, बाबू," ते म्हणाले. "पन बसा. च्या घेऊन जा."