वहिनीच्या लाटा

माणसाच्या चेहऱ्यावर आमच्या वहिनीनं आजवर कधी विश्वास ठेवलेला नाही. माझ्या चुलतभावाची ही बायको मिरजेच्या एका दवाखान्यात ईईजी काढते. पेशंटच्या डोक्याला तारा चिकटवायच्या आणि मेंदूतल्या लाटा पडद्यावर बघायच्या, हे इतकी वर्षं चाललंय की घरातल्यांच्या लाटा आता तिला तारांवाचूनही दिसतात. डोळे मिटून निवांत बसलं की डोक्याच्या मागच्या बाजूला संथ, एकसारख्या लाटा उठतात आणि कशात लक्ष घातलं की त्या मोडतात, हे ज्ञान तिनं बारशापासून हळदीकुंकवापर्यंत सगळीकडं वाटलंय. नवरा "ऐकतोय की" म्हणाला की ही म्हणणार, "कान ऐकत्यात, डोकं न्हाई. लाटा मोडल्या न्हाईत तुमच्या." एका लग्नात मंगलाष्टकं म्हणताना भटजींनी डोळे मिटले, तर हिनं मला कोपरानं ढोसलं, "बघ, लाटा उठल्या. आता चुकणार." आणि भटजींनी खरंच नवऱ्या मुलाच्या जागी त्याच्या बापाचं नाव घेतलं!

या वहिनीला गप्प केलं तिच्या सासऱ्यांनी. आबा फौजेतून सुभेदार होऊन माधवनगरला परतलेले. अलीकडं ते विसरायला लागले. एका पाहुण्याला त्यांनी चार वेळा रामराम करून चार वेळा चहा सांगितला. पाहुणाही भिडस्त, चारही वेळा प्यायला. वहिनीनं त्यांना आपल्याच मशिनपुढं नेलं, सोबतीला मी. तारा लावल्या तरी आबा ताठ.

"आबा, सैल सोडा. डोळं मिटा."

"सूनबाई, डोळं मिटलं तर पहारा कोन दील?"

शेवटी मिटले. लाटा आल्या, पण असायला हव्यात त्याहून मंदावलेल्या. डॉक्टरांनी बरंच समजावलं, गोळ्या दिल्या. घरी येईपर्यंत वहिनीनं कुणाच्याच लाटा सांगितल्या नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून तिनं आबांची झोप ताब्यात घेतली. दिवसभराचं डोक्यात मुरतं ते गाढ झोपेतल्या लाटांमुळं, हे तिला पक्कं ठाऊक. मग काय, आबा दुपारी आडवे झाले की भंगारवाला कर्णा बंद करून गल्लीतनं मुकाट गाडी ढकलतो आणि शेजारीण कुकर परसात नेऊन लावते. सुट्टीच्या दिवशी आबा उठले की वहिनी समोर बसून सकाळपासूनचं सगळं त्यांना पुन्हा सांगते.

परवा गेलो तेव्हा हेच चाललं होतं. आबा तिच्याकडं टक लावून ऐकत होते. मग माझ्याकडं वळून, अनोळखी माणसाशी बोलावं तसं, हळूच म्हणाले, "ही पोरगी सारखी यून सांगती. कुनाची हाय, ठावं न्हाई. पन मी मन लावून ऐकतो. न्हाई ऐकलं तर तिला वाईट वाटंल."

वहिनीनं त्यांच्या सदऱ्याचं सुटलेलं बटण लावलं आणि उरलेली सकाळ सांगायला घेतली.