लांजेवार सर आणि देवाची उत्क्रांती

स्टाफरूममधल्या जुन्या उत्तरपत्रिका दर उन्हाळ्यात रद्दीत जातात. किस्से कोणी रद्दीवाला घेत नाही, म्हणून ते साचत जातात. लाखांदूरकडच्या आमच्या ज्युनिअर कॉलेजात मी मराठी शिकवते, आणि माझ्याजवळ साचलेत ते बहुतेक बायोलॉजीच्या लांजेवार सरांचे. माणूस देव का मानतो याचं उत्तर उत्क्रांतीत आहे, असं सरांचं म्हणणं. ते ऐकल्याशिवाय स्टाफरूममध्ये चहा मिळायचा नाही.

*

पहिलं व्याख्यान गवताचं. गवत हललं. एक जण वाघ समजून पळाला, दुसरा वारा समजून थांबला. थांबणाऱ्याला कधी ना कधी वाघानं नेलंच.

"आपण सारे पळणाऱ्याची लेकरं," सर म्हणायचे. "म्हणून जिथं कोणीच नाही, तिथंबी आपल्याले कोणीतरी दिसते. देव तिथूनच आला."

आमचा लॅब अटेंडंट देवाजी रोज सायकलनं जंगलातून येतो आणि वाटेतल्या वाघोबाच्या दगडाला हात जोडतो. त्यानं टेस्ट ट्यूब पुसत सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"सर, आमच्या रस्त्यानं वाघ खराच हाये. देवाचं तुमी पाहून घ्या."

*

दुसरी थिअरी डोळ्यांची. कोणी पाहतंय असं वाटलं की माणूस नीट वागतो, म्हणून वरून पाहणारा देव कळपाच्या कामी आला आणि टिकला.

आमच्या जिन्याच्या कोपऱ्यात पोरं (आणि दोन मास्तर) तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन थुंकायचे. प्राचार्य तिथं देवांच्या टाइल्स लावायला निघाले, तर सर म्हणाले, "देव कायले पायजे? डोळे पुरतात." चार्ट पेपरवर दोन मोठे डोळे काढून त्यांनी स्वतः चिकटवले. सोमवारी पाहिलं तर दोन्ही बुबुळं लाल!

मग टाइल्स लागल्या. कोपरा आता स्वच्छ असतो. शेजारी आमच्या वाङ्मय मंडळाचं भित्तिपत्रक आहे, तिथं थुंकतात.

*

नवरात्रात प्राचार्य नऊ दिवस अनवाणी. सरांनी त्याचंही कारण सांगितलं. देवापायी जो त्रास सोसून दाखवतो, त्याच्यावर कळप विश्वास ठेवतो, म्हणून हे असले उपास-तापास टिकले.

प्राचार्य तळव्यातला काटा काढत होते. मान वर न करता म्हणाले, "लांजेवार, बारा वर्षं झाली, तुम्ही चपला घालून सांगून राहिले का देव नाही. ठेवला का कोणी विश्वास?"

सगळी स्टाफरूम हसली. मीही हसले.

*

हसण्यासारखं इथं संपलं. सरांची मुलगी पल्लवी सिकलसेलची, एसएस पॅटर्न. म्हणजे आई आणि बाप, दोघांकडूनही तो जनुक आलेला. रक्ताच्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, अडकतात, आणि मग पोर तीन-तीन दिवस कण्हत पडते.

प्राचार्य एकदा सरांच्या पाठीमागे म्हणाले, "देवाले नावं ठेवली का असंच होते." हातातला चहा त्यांच्या शर्टावर ओतावा असं वाटलं. ओतला नाही, त्याची मला अजून लाज वाटते.

सरांच्या कानावर ते गेलंच. मला म्हणाले, "मॅडम, देवाचा संबंध आहे त्याच्यात. लग्नाच्या वेळी मामा म्हणे, पत्रिका जुळवून पाहू. मी म्हटलं, मी विज्ञानाचा माणूस, मी काहीच जुळवून पाहत नाही. थ्या तोऱ्यात रक्तबी नाही पाहिलं."

वर्गात ते दरवर्षी सांगतात, पत्रिका नका पाहू, रक्त तपासा. तिथं त्यांचा आवाज चिरकतो. पोरांना वाटतं, खर्ऱ्यानं.

*

मागच्या पावसाळ्यात पल्लवीला भंडाऱ्याला भरती केलं होतं. तिचं बारावीचं वर्ष. मी भेटायला गेले तेव्हा वहिनी डबा आणायला गेल्या होत्या आणि सर तिचे पाय दाबत बसले होते. दुखण्यावरून तिचं लक्ष उडावं म्हणून काहीतरी बोलत होते, आणि त्यांना बोलता येतं ते एकच.

"आपल्या भागात पयलेपासून मलेरिया. हा जनुक ज्याच्यात एकच असते, त्याले मलेरिया सहजी मारत नाही. म्हणून तो पिढ्यान् पिढ्या टिकला. आता ज्याच्यात दोन येतात..."

"त्यायचं काय?" पल्लवीनं विचारलं.

"त्यायले त्रास होते."

"म्हणजे बाकीचे आमच्या जिवावर वाचले?"

"एका अर्थानं, हो."

"मंग देव कोण झाला, पप्पा? पडा माह्या पाया."

ती थट्टाच करत होती. एवढ्या दुखण्यातही तिला हसू येत होतं.

सरांचे हात थांबले. त्यांनी तिच्या दोन्ही पावलांवर कपाळ टेकवलं आणि तसेच राहिले. पल्लवीचं हसू थांबलं. मी खिडकीबाहेर पाहू लागले.

तेवढ्यात सिस्टर सलाईन बदलायला आल्या. "सर, काय करून राहिले?"

सर डोकं न उचलता म्हणाले, "पाय दाबून राहिलो."