लान्स नायक मिरजकरांच्या सेटवरील शांततेबाबत निवेदन

निवेदन करणार: माजी हवालदार, ऑपरेटर, नारायण विठ्ठल जाधव, सध्या अर्जलेखक, कोर्टाचे आवार, धारवाड.

ज्याच्याबाबत निवेदन: कै. लान्स नायक, ऑपरेटर, श्रीकांत बाबूराव मिरजकर, राहणार जुनी हुबळी.

घटना: उत्तर सीमेवरील एका बर्फाच्या चौकीवर, जानेवारीअखेर. चौकीचे नाव आणि तारीख चौकशीच्या कागदांत आहेत. येथे लिहिणे योग्य नाही.

साक्षीदार: मी स्वतः. दुसरे साक्षीदार, चौकीचे कमांडर कॅप्टन साहेब, हयात आहेत. त्यांचे नाव मी घेत नाही.

धारवाडच्या कोर्टात मी लिहिलेला मसुदा वकील मंडळी एक शब्द न बदलता दाखल करतात. माझे शिक्षण एसएसएलसी म्हणजे दहावीपर्यंतचे आहे, तेही गणित वगळून. लष्कराने मला ऐकायला शिकवले आणि पुढचे सर्व त्यावर उभे राहिले. असे असूनही सदरहू प्रकरणी मी केलेल्या एकाही अर्जाला उत्तर आले नाही. म्हणून हे नागरिकांपुढे ठेवतो.

चौकीवर आम्ही थोडे जवान होतो. दर सकाळी आठ वाजता तिघांची पेट्रोल, म्हणजे गस्तीची तुकडी, खालच्या चौकीकडे निघे आणि दुपारी परत येई. तिघांपैकी एक ऑपरेटर. त्याच्या पाठीवर वायरलेस सेट, माझ्या टेबलावर तसाच सेट. ठरलेल्या वेळी तो बोले, मी ऐकून नोंद करी. श्रीकांत हुबळीचा, मी धारवाडचा, त्यामुळे शेवटच्या ‘ओव्हर अँड आउट’नंतर तो हळूच कन्नडात विचारी, “ऊट आय्ता, अण्णा?” जेवण झाले का, एवढेच. नियमात बसत नव्हते. मी एकदाही टोकले नाही.

आता सेटविषयी सांगणे भाग आहे, कारण सर्व प्रकरण त्यावरच आहे.

आमच्या सेटवर कोणी बोलत नसताना सतत एक सरसर ऐकू येते. चुरमुऱ्यांच्या भट्टीतून वाळूचा आवाज येत राहतो, तशी. ही सरसर बंद करण्याची सोय सेटमध्ये असते, परंतु ती वापरली तर दुरून येणारा क्षीण आवाजही मरतो. म्हणून आम्ही ती वापरत नसू. दिवसभर ती सरसर कानात घेऊन बसणे हीच आमची ड्यूटी.

या सरसरीवर इतर आवाज येऊन बसतात. धारवाडात सुभाष रोडवरच्या एखाद्या दुकानात जुना रेडिओ लागलेला असतो आणि दारात कोणी स्कूटर सुरू केली की त्यात कडकड होते, हे सर्वांनी ऐकले असेल. चौकीवर जनरेटर सुरू करताना तसेच होई. वादळात उडणारा कोरडा बर्फ एरियलवर आपटला की तडतड होई. असे आवाज क्षणभराचे असतात. येतात, जातात, पाठीमागे कोणी माणूस नसतो.

परंतु दुसऱ्या टोकाच्या ऑपरेटरने बोलण्याचे बटण दाबले आणि तो काही बोलला नाही, तर काय होते? सरसर थांबते. बटण सोडले की पुन्हा सुरू होते. बर्फ आणि जनरेटर सरसरीत भर घालतात. ती काढून घेणे फक्त माणसाच्या बोटाला जमते. माझ्या म्हणण्याचा पाया एवढाच आहे.

थंडीत माइकवर श्वासाचे दव गोठते आणि माइक निकामी होतो. म्हणून आमच्या चौकीचा एक रिवाज होता. तो पुस्तकात नाही. आवाज जात नसेल तर बटण दाबून सांगायचे. दोनदा म्हणजे ठीक, तीनदा म्हणजे मदत पाठवा.

घटनेच्या आदल्या आठवड्यात मी लंगरमध्ये जेवत असताना कॅप्टन साहेब स्वतः सेटवर बसले होते. वादळ होते. त्यांनी तीन कडकड ऐकल्या आणि ताबडतोब मदतीची पार्टी काढली. त्या दिवशीची पेट्रोल खालच्या चौकीत सुखरूप चहा घेत होती. पार्टीतल्या एका जवानाच्या पायाची बोटे हिमदंशाने गेली. त्या संध्याकाळी साहेबांनी सर्वांना उभे करून हुकूम दिला, “आज से क्लिक पर कोई पार्टी नहीं जाएगी. व्हॉइस चाहिए. समझ गए?” आम्ही समजलो असे सांगितले. श्रीकांतही त्या रांगेत उभा होता.

साहेब वाईट नव्हते. ते त्या जवानाला रोज बघायला जात.

घटनेच्या दिवशी श्रीकांत आणि दोन जवान सकाळी निघाले. एक गढवालचा, एक सांगलीकडचा. खालच्या चौकीत पोहोचल्याचा त्याचा संदेश आला, परत निघाल्याचाही आला. दुपारी दोनच्या सुमारास सरसर थांबली. सुरू झाली. थांबली. सुरू झाली. पुन्हा थांबली.

मी पेट्रोलला हाक दिली, “वन फॉर अल्फा, व्हॉइस दो, ओव्हर.” उत्तर नाही. थोड्या वेळाने पुन्हा तीनदा.

जनरेटर चालू होता. मी तो बंद करवला. तीनदा थांबणे तसेच चालू राहिले. मी साहेबांना बोलावले.

“साब, पेट्रोल मदद माँग रही है.”

“व्हॉइस?”

“नहीं साब. माइक जम गया होगा. लेकिन बटन दब रहा है.”

“हवालदार, उस दिन मैंने भी यही सुना था.”

“उस दिन कड़कड़ थी, साब. आज सरसर ही कट रही है. आप सुनिए.”

त्यांनी हेडफोन घेतला. ऐकले. बाहेर बर्फ उडत होता आणि त्याची तडतडही सेटवर येत होती. दोहोंच्या मधून वेगळे काढणे कानाला सवय नसेल तर कठीण असते. त्यांनी हेडफोन परत दिला.

“व्हॉइस मिले तो बताना. फिर से आदमी नहीं गँवाऊँगा.”

मी दर थोड्या वेळाने कळवत राहिलो. ते दर वेळी व्हॉइस विचारत राहिले. दिवस मावळेपर्यंत बटण दाबले जात होते. मग सरसर अखंड झाली.

वादळात पेट्रोल कधी कधी वाटेत आडोशाला थांबे, म्हणून साहेबांनी उशीर धरला नव्हता. संध्याकाळच्या ठरलेल्या वेळीही पेट्रोलचा आवाज आला नाही, तेव्हा साहेबांनी पार्टी तयार केली. अंधारात उतार धरणे अशक्य होते. ती पहाटे निघाली. कोसळलेल्या बर्फातून एरियलची कांडी बाहेर दिसत होती, तिच्यावरून जागा सापडली. दोघे जवान खोल होते, ते जागीच गेले असावेत. श्रीकांत वर होता, तोंडापुढे हात आडवा, त्यामुळे श्वासापुरती पोकळी राहिली होती. सेटचा खटका चालूवर, बॅटरी पूर्ण उतरलेली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला दुसरा सेट घेऊन बाहेर पाठवले. “बिना बोले दबाओ.” मी तीनदा दाबले. आत आलो तर हेडफोन टेबलावर होता आणि साहेब भिंतीकडे बघत होते. “ठीक है,” म्हणाले. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

चौकशीत मी हे सर्व सांगितले. साहेबांना विचारले गेले, “व्हॉइस आला होता का?” ते म्हणाले, “नाही.” ते खरेच होते. त्याहून जास्त त्यांना कोणी विचारले नाही. निष्कर्ष असा लिहिला गेला की सेटवर आले ते हवामानाचे क्षणिक व्यत्यय होते, पेट्रोलकडून कोणताही संदेश आला नाही, आणि विश्रांतीच्या वेळी सेट बंद न ठेवल्याने बॅटरी वाया गेली. श्रीकांतच्या नावापुढे शेरा पडला: ‘संपर्क राखण्यात कसूर.’

नोकरी संपवून आल्यापासून मी हा शेरा काढण्यासाठी अर्ज करतो आहे. श्रीकांतची आई सुशीलाबाई, जिला सर्व गल्ली अक्का म्हणते, दर भेटीत मला टोचत असे. “कोर्टापुढं बसून जगाचं लिहितोस की रे. माझ्या पोराचं एक उत्तर आणवत नाही तुला?”

गेल्या महिन्यात मी नवा मसुदा घेऊन गेलो. अक्काचा थोरला मुलगा विनायक, ज्याचे दाजीबानपेठेत कापडाचे दुकान आहे, त्याने मला दारातच अडवले.

“अण्णा, सोडा की हो आता. अक्काला वाटतंय तो झोपेत गेल्यागत गेला. तुमचा अर्ज खरा ठरला तर दुपारपासून तो बोलवत होता आणि कुणी गेलं नाही, हे खरं ठरतंय. तुम्हाला काय पाहिजे, सांगा की.”

दुसऱ्यांच्या बाजू मी आयुष्यभर लिहिल्या. स्वतःची सांगायची वेळ आली तेव्हा मी हातातला मसुदा पुढे केला. अक्का आतून बाहेर आली होती.

“किती वेळ बोलवत होता?”

विनायक म्हणाला, “अक्का, तू आत जा.”

“तू गप रे. नारायण, किती वेळ?”

“दिवस मावळेपर्यंत, अक्का.”

ती उंबऱ्यावर बसली. म्हणाली, “म्हणजे येतील असं वाटत होतं त्याला.” मग पदराने तोंड पुसून म्हणाली, “लिही. कसूर म्हणू नका म्हणावं.”

त्यानंतर तिने उत्तराविषयी विचारणे बंद केले आहे. मी गेलो की ती चहा ठेवते आणि माझ्याकडे बघत नाही. विनायकही बोलत नाही. मी बरोबर केले की नाही, हे मला समजत नाही. शेरा अजून जागच्या जागी आहे.

तरी, संबंधित अधिकाऱ्यांस नम्र विनंती की सदरहू शेरा रद्द करून त्या जागी पुढील वाक्य लिहावे: ‘लान्स नायक श्रीकांत बाबूराव मिरजकर, ऑपरेटर, अखेरपर्यंत संपर्कात होते.’ त्यांच्यासोबत गेलेल्या दोन्ही जवानांची नावेही तेथे असावीत. उत्तर माझ्या पत्त्यावर न पाठवता श्रीमती सुशीलाबाई मिरजकर, जुनी हुबळी, यांच्या नावे पाठवावे. त्यांचे वय पाहता ते त्यांच्या हयातीत मिळावे.

कळावे,
नारायण विठ्ठल जाधव