मुग्धाला पुण्याला आणायची मोहीम

भल्या पहाटे आमची क्वालिस पुण्याहून निघाली ती मुग्धाला आणायला. आमची कंपनी शाळांसाठी शिकवणीच्या सीड्या बनवायची. मुग्धा मालगुंडला घरी बसून धडे लिहायची आणि एसटीने रत्नागिरीला जाऊन सायबर कॅफेतून पाठवायची. दोन वर्षं आम्ही तिला फक्त फोनवर ऐकत होतो. साहेबांना हे मुळीच पसंत नव्हतं. "माणूस डोळ्यांसमोर नसेल तर काम कसलं?" असं ते म्हणत. पुण्याला ये, नाहीतर काम सोड, हे तिला तोंडावर सांगायला ते स्वतः निघाले होते. मुलींच्या वसतिगृहात तिच्यासाठी खाटही धरून ठेवली होती. सोबत मी आणि चित्रं काढणारा वेंकट. तो मूळचा मदुराईचा, पण मराठी आमच्यासारखंच बोलणारा.

आंबा घाटात वेंकटला गाडी लागली. साखरप्याला चहा पाजल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. पुढे दोन्ही बाजूंना तांबडा कातळ, मधूनच मोहरलेले काजू. मालगुंडला पोचलो तेव्हा जेवणाची वेळ झाली होती.

खळ्यात (अंगणात) साठीच्या एक बाई सुपाऱ्या उन्हात पसरत होत्या.

"मुग्धा आहे का घरात?" साहेबांनी विचारलं.

"मीच की. या, दमलात ना?"

साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. दोन वर्षं ते फोनवर "अगं, कळतं का तुला काही?" असं ज्यांना म्हणत आले, त्या बाई त्यांच्यापेक्षा चांगल्या दहा वर्षांनी मोठ्या निघाल्या. शाळेतली नोकरी पुरी करून बसलेल्या. हसू दाबायला मी पाणी मागून घेतलं. वसतिगृहातल्या खाटेचा विषय कुणी काढला नाही.

कुयरीची (कोवळ्या फणसाची) भाजी आणि सोलकढी वाढता वाढता मुग्धाताईच म्हणाल्या, "तुम्ही कशाला आलात ते मला ठाऊक आहे. मला हे घर सोडवत नाही, आणि हे कामही सोडवत नाही. काय ते आज सांगूनच जा."

"संध्याकाळी बोलू," साहेब भाताकडे बघत म्हणाले.

उन्हं कलल्यावर मुग्धाताईंनी आम्हांला किनाऱ्यावर नेलं. तिथे रापण ओढणं चाललं होतं. समुद्रात अर्धगोल टाकलेलं हे भलंमोठं जाळं. त्याचे दोन दोर दोन टोळ्या किनाऱ्यावरून ओढतात. दोन्ही टोळ्यांमध्ये इतकं अंतर की हाक ऐकू जात नाही, म्हणून तांडेल (रापणीचा म्होरक्या) फडकं हलवतो. फडकं हललं की पलीकडच्यांनी थांबायचं. कुणीही येऊन दोराला हात लावावा, अशी रीत आहे.

साहेब खूश झाले. "बघा, सगळे कसे एकमेकांना दिसताहेत! याला म्हणतात टीमवर्क." त्यांनी दोर धरला, मीही धरला. वेंकटला कॅमेरा देऊन पलीकडे पिटाळलं. थोडं ओढून होतंय तोच साहेबांना फोटोची आठवण झाली. त्यांनी आपली पांढरी टोपी काढून वेंकटकडे जोरात हलवली.

पलीकडची टोळी जागच्या जागी थांबली. आम्ही ओढतोच आहोत. जाळं तिरकं झालं, एक बाजू उचलली गेली आणि मासळी चमकत बाहेर पळाली.

"टोपी कोणी हलवलीन?" तांडेल ओरडला.

"मी... फोटोसाठी," साहेब म्हणाले.

"आता काय ओ, फोटो तळून खायाचा?"

उरल्यासुरल्या मासळीचे वाटे पडले. तांडेलाने आमच्यापुढेही दोन वाटे मांडले. साहेब मागे सरकले. "नको, नको. नुकसान मीच केलं."

"दोर ओढलात ना? मग वाटा घ्यायचा. चुकला म्हणून आम्ही कोणाचा वाटा कापत नाय."

"पण आमच्यात कुणीच खात नाही हो."

"मी खाते," मी म्हणाले.

"मीपण," वेंकट म्हणाला.

साहेब आमच्याकडे बघतच राहिले. "तुम्ही? रोज माझ्यासमोर जेवता तुम्ही!"

"ऑफिसात मासळीचा डबा आणायला बंदी आहे, सर. पाटी तुम्हीच लावलीत," मी म्हटलं.

मुग्धाताई हसून हसून वाळूतच बसल्या. मग डोळे पुसत त्यांनी विचारलं, "मग माझं काय ठरलं?"

"तुम्ही इथेच राहा, ताई," साहेब म्हणाले. "समोर बसवून मी काय दिवे लावलेत, ते दिसलंच."

मुग्धाताईंनी पदर सारखा केला. परतताना त्या आम्हां तिघांच्याही पुढे चालत होत्या. मला फार बरं वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडा हेवाही वाटला. लांबच्या माणसाला निदान रोज विचारावं तरी लागतं, तिकडे काय चाललंय म्हणून. शेजारच्या टेबलावरच्याला कोण विचारतो?

परतीच्या वाटेवर कऱ्हाड मागे पडलं, तेव्हा पुढच्या सीटवरून साहेबांनी माझ्याकडे मान वळवली. "काय हो, तुमच्या घरी कोण कोण असतं?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"सांगते, सर," मी म्हटलं. "पण पुणं येईपर्यंत झोपायचं नाही."