अंगठीवरचा पारा

शहाद्याच्या बाजारात माझं कटलरीचं दुकान होतं. वडील राजस्थानातून आले तेव्हा बांगड्या, कुंकू, रिबिनी विकत. दुकानाच्या शेवटच्या वर्षांत मुली मोबाईल पुढे धरून विचारू लागल्या, "काका, अशी काचेसारखी कातडी कशाने होते?" तांदळाच्या पाण्याचं टोनर, गोगलगायीच्या चिकट द्रवाचं सीरम, ही कोरियातली नवलं मी त्यांच्याकडूनच शिकलो. खरा माल महाग, गुण यायला वेळ लागणारा. सुरतेचा एजंट मात्र बिनपत्त्याच्या क्रीमच्या डब्या आणायचा. त्यांच्यावरची अक्षरं त्याला वाचता येत नव्हती, मलाही नाही. पंधरा दिवसांत रंग उजळायचा, एवढं दोघांनाही पुरेसं होतं. डोंगरातल्या मोलगी गावाच्या आठवडे बाजारातही मी त्या पाठवल्या.

ब्राह्मणपुरीच्या एका शेतकऱ्याची मुलगी साखरपुड्याआधीपासून ती क्रीम नेत असे. एके दुपारी तिची आई एकटीच आली. पदराच्या गाठीतून तिने साखरपुड्याची अंगठी काढली.

"शेठ, हाई दखा. पांढरी पडी गयी. सासरनासनी खोटी दिधी का?"

लग्न मोडण्याची भीती तिच्या तोंडावर दिसत होती. मी अंगठी शेजारच्या सोनाराकडे नेली. त्याने ती आचेवर धरली. पांढरेपणा उडाला, सोनं परत पिवळं झालं.

"पारा चढलाय," तो म्हणाला. "रंग उजळायच्या क्रीममध्ये घालतात तो. शेठ, तुमच्या कोणत्या डबीत बुडवली होती?" आणि हसला.

मी हसलो नाही. दुकानात येऊन मुलीच्या आईला सांगितलं, "सोनं अस्सल आहे. क्रीम लावताना दागिने काढून ठेवायला सांगा." त्या दिवसापासून प्रत्येक गिऱ्हाइकाला तेच सांगत गेलो. पिढ्यान्पिढ्या सोनं जपत आलेल्या घरातला मी, मला सोनं सांभाळायचं सुचलं. कातडी सुचली नाही.

मुलीच्या लग्नानंतर वर्षाच्या आत तिची आई पुन्हा आली.

"पोरना पाय सुजी ग्यात. डॉक्टर म्हने किडनीले सूज शे. तोंडले काय लावस, आसं इचारं त्यानी. आम्ही काहीच नही म्हनं. सासू संगे व्हती ना." मग हळूच, "क्रीममुये तं नही ना, शेठ?"

"वरून लावलेलं किडनीपर्यंत कसं जाईल, माय?" मी म्हणालो. पारा कातडीतून अंगात उतरतो, हे तोवर मला कळलं होतं; हे खोटं मी जाणूनबुजून बोललो. डब्या तशाच विकत राहिलो, दुकान बंद केलं तोवर.

गेल्या महिन्यात कळलं, मुलीला सातवा महिना लागलाय आणि सूज पुन्हा आलीय. मी तिच्या सासरी गेलो. ओसरीवर ती एकटी होती. चेहरा चुन्यासारखा, डोळ्यांखाली फुगलेला. मी सगळं सांगायला लागलो तसं ती कुजबुजली, "हळू बोला काका. सासूबाईंना आणि यांना वाटतं, माझा रंगच असा आहे."

"अजून लावतेस?"

"आता मोबाईलवरून मागवते. नणंदपण गुपचूप माझीच डबी घेते."

तेवढ्यात सासू पाणी घेऊन आली. "शेठ, आमच्या सुनेचा रंग पाहिला ना? अख्ख्या गावात नाही असा."

मुलगी माझ्याकडे बघून मान हलवत होती, नको, नको.

मी पेला खाली ठेवला आणि सासूला म्हणालो, "बसा. डॉक्टरांना सांगायचं एक राहून गेलंय." मी पहिल्या डबीपासून सुरुवात केली. मुलगी उठली, पदर तोंडावर ओढून आत गेली आणि तिने दार लावून घेतलं.